सावलीतली मोजणी

आमच्या देवघरात मोहाचं एक झाड उभं आहे, ही बातमी मला आमच्या वास्तुशांतीच्या दिवशी मिळाली. पंगत बसली होती, जिलबी फिरत होती आणि सर हातात मठ्ठ्याचा द्रोण घेऊन घरभर हिंडत होते. मधेच त्यांनी खिशातून एक चुरगळलेला कागद काढला, दिवाणखान्याच्या भिंतीला पाठ टेकवून मोजून पावलं टाकली, देवघराच्या उंबऱ्याशी थांबले आणि अर्ध्या गंगापूर रोडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इथे मोह आहे. चांगला मोठा आहे. दोघांच्या कवेत येणार नाही."

'आहे' म्हणाले. 'होता' नाही.

गुरुजींचा जिलबीचा हात तोंडाशी थांबला. माझ्या आईने तर पदरच तोंडाला लावला. दारूचं झाड, आणि तेही देवघरात! गुरुजींनी बराच विचार करून सांगितलं की, ग्रंथांत या दोषाला नाव नाही, त्यामुळे शांतीही नाही. आईने स्वतःच तोडगा काढला. रोज पूजा झाली की एक फूल ती त्या रिकाम्या कोपऱ्यात ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "त्याचं घर आधीचं आहे बाबा. आपण भाडेकरू."

नव्वदीच्या सुरुवातीचे ते दिवस. नाशिकच्या गंगापूर रोडचे द्राक्षांचे आणि पेरूंचे मळे कापून बंगले उठत होते, आणि प्रत्येक बंगल्याच्या वास्तुशांतीला सर हजर असत. शेजारच्या वकिलांच्या जिन्याखाली बाभूळ निघाली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात चार बोरी निघाल्या, त्यातली एक तपासणीच्या टेबलावर. वकील म्हणाले, "मी नोटीस पाठवीन." सर गंभीरपणे म्हणाले, "जरूर. पण कुणाला? बाभळीला की मला?"

सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी अर्थशास्त्र. स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना विषयावरून हाक मारत. "अहो अर्थशास्त्र, जरा सरका." "इतिहास, चहा सांडला बघा तुमचा." स्वतःला मात्र ते कोणताच विषय लावू देत नसत. म्हणायचे, "मी अजून विद्यार्थी आहे." हे खरंच होतं, कारण त्यांची पीएचडी चालू होती. ती कधी सुरू झाली ते विद्यापीठालाही आठवत नव्हतं. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे अमेरिकेला मुलाकडे गेले ते तिथेच मुरले, आणि तिसरे मार्गदर्शक म्हणजे सरांचाच एक जुना विद्यार्थी. दोघंही एकमेकांना 'सर' म्हणायचे. दारातून आधी कोणी आत जायचं यावर त्यांची एकदा अशी अडचण झाली की शेवटी शिपायाने दोघांना खिडकीतून आत घेतलं म्हणतात. खिडकीचं मी स्वतः पाहिलं नाही, पण दाराचं पाहिलंय.

विषय काय, तर जुन्या जमीनमोजणीच्या कागदांवरून जंगल कसं बदललं ते शोधायचं. इंग्रजांच्या वेळी गावोगाव पहिली मोजणी झाली. तेव्हा मोजणीदार साखळी टाकत शेताच्या कडेने चालायचा, प्रत्येक कोपऱ्यावर दगड पुरायचा आणि मोडीत शेरा लिहायचा: कोपऱ्याला आंबा, बांधाला दोन पळस, पुढे झाडी, पुढे गवत. शेतसारा किती बसवायचा त्यासाठी हे सगळं. झाडांशी त्या बिचाऱ्याला काही देणंघेणं नव्हतं. पण सरांचं म्हणणं असं की, दीडशे वर्षांपूर्वी आपल्या भागात कुठे कोणतं झाड उभं होतं हे प्रत्यक्ष पायी चालून बघणारा आणि लिहून ठेवणारा हा एकच माणूस. त्याचे शेरे एका बाजूला ठेवायचे, आजचं रान दुसऱ्या बाजूला. मधलं गेलं कुठे, तो प्रबंध.

त्यासाठी त्यांनी भंगार बाजारातून खरी मोजणीची साखळी पैदा केली होती. लोखंडी, तेहतीस फुटांची, सोळा भागांची. त्या प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. सर सगळं त्याच मापात बोलत. कॅन्टीन स्टाफरूमपासून चार साखळ्या सहा आणे. प्राचार्यांची केबिन दोन साखळ्या, "पण मनाने लांब." साखळी कायम पिशवीत असायची आणि सर चालले की वासरू सुटल्यासारखा आवाज यायचा. घोटीच्या एसटीत कंडक्टरने एकदा पिशवीकडे बघून विचारलं, "मास्तर, म्हैस कुठं राहिली?"

"तिलाच शोधायला चाललोय," सर म्हणाले.

कंडक्टरने पुढचे दोन महिने दर रविवारी चौकशी केली, "गावली का?"

आणि या सगळ्याच्या वर होते भाऊसाहेब.

खेड्यात तलाठ्याला, मोजणीदाराला भाऊसाहेब म्हणतात. घोटीकडच्या ज्या गावांवर सर काम करत होते, त्या सगळ्यांची पहिली मोजणी एकाच माणसाच्या हातची होती. अक्षर एक, सही एक, शेवटी काढलेली वेलांटी एक. सर त्याला भाऊसाहेब म्हणायचे, आणि असे म्हणायचे की नवख्याला वाटावं, आत्ता सायकल लावून येतील. "आज भाऊसाहेब चिडलेले होते. बघा, 'ळ' कसा काढलाय." "या गावात भाऊसाहेबांना पाणी बाधलं. दोन दिवसांचं काम आठ दिवस चाललंय." भाऊसाहेबांना आंबा प्रिय होता, लाचेचा तिटकारा होता, घरी एक आजारी बायको होती. यातलं काहीही कागदावर नव्हतं. सरांना ते अक्षरावरून कळायचं.

आमच्या वहिनी, म्हणजे सरांची बायको, बँकेत होत्या. त्या म्हणायच्या, "सासू नाही, सासरे नाहीत, दीर नाही म्हणून माझ्या माहेरच्यांनी हे स्थळ केलं. लग्नानंतर कळलं, घरात एक भाऊसाहेब आहेत. ते गेलेले आहेत, त्यामुळे ते कुठे जातही नाहीत."

माहेरचे म्हणजे वहिनींचे तीन भाऊ. तिघेही डॉक्टर. नाडी बघणारे. दर भाऊबीजेला ओवाळून झालं की थोरला विचारायचा, "काय दाजी, आमच्यात कधी येताय?" मधला म्हणायचा, "येतील रे, झाडं हळूच वाढतात." धाकटा नुसता हसायचा. सर शांतपणे करंजी खायचे. पण वहिनींच्या हातातलं ताम्हण दरवर्षी जरा जोरात खाली ठेवलं जायचं. ते मी पाहिलंय. सरांना पीएचडी हवी होती की नाही, मला आजही ठाम सांगता येत नाही. वहिनींना ती हवी होती. एका भाऊबीजेपुरती तरी हवी होती.

आणि एकदाची ती झालीच म्हणायची. प्रबंध बांधून विद्यापीठात गेला. बाहेरच्या परीक्षकांचा अहवाल आला, उत्तम आला. प्रबंधातलं चौथं प्रकरण त्यांना फारच आवडलं. त्यात सरांनी दाखवलं होतं की, घोटीकडचे आज उघडेबोडके दिसणारे डोंगर एकेकाळी गच्च झाडीने भरलेले होते. भाऊसाहेबांनी डोंगरामागून डोंगर एकच शेरा लिहिलेला: 'झाडी दाट. साखळी जात नाही.' सरांनी हे एका क्लबात स्लाइड दाखवून सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतला एक लाकडाचा व्यापारी रडला होता. त्याला पश्चात्ताप झाला की नुकसान कळलं, ते ठरवणं अवघड.

तोंडी परीक्षेची तारीख जूनमध्ये लागली. मे महिन्यात सर मला म्हणाले, "अहो अर्थशास्त्र, रविवारी मोकळे आहात का? एक फोटो हवाय. डोंगराच्या पायथ्याशी मी, हातात साखळी. शेवटच्या स्लाइडला."

मी म्हटलं, "मिसळ खाऊ घालणार असाल तर येतो."

मिसळ खाल्ली आणि त्या दिवशीचं सुख तिथेच संपलं.

घोटीच्या पुढे उतरून तासभर चाललो. ऊन असं होतं की माझी सावलीसुद्धा वाटेत दोनदा बसली. डोंगराच्या पायथ्याशी एक जुना आंबा, त्याच्या शेजारी लहानूबाबांचं घर. लहानूबाबा भात पिकवणारा म्हातारा, कान शाबूत, दात नाहीत. सरांच्या पिशवीतली साखळी वाजली तसा तो खाटेवरून उठला आणि आत बघून ओरडला, "सूनबाई, मोजनीवालं आलं! भाकरी टाक!"

सर म्हणाले, "बाबा, आम्ही सरकारी नाही. फक्त फोटो काढायचाय."

"आसू द्या. साखळी आली का आधी जेवान. आमच्यात रीतच हाय."

"कसली रीत?"

"आवं, मोजनीवाला उपाशी गेला तर सारा वाढतो. पोट भरून गेला तर हात आखडून लिव्हतो. आमची म्हातारी मान्सं सांगायची. आता सारा काय नाय ऱ्हायला, पन रीत ऱ्हायली. बसा. लय ऊन हाय."

बसलो. तांदळाची भाकरी, उडदाचं आमटीसारखं दाट कालवण, कैरीची चटणी, कांदा, वर ताकाचा तांब्या. सूनबाई भाकरीमागून भाकरी आणत होती आणि नको म्हटलं की म्हातारा असा दुखावला जायचा, की जणू आम्ही त्याचं शेत सरकारजमा केलं. मी किती खाल्लं ते सांगत नाही. कोणी विश्वास ठेवणार नाही. सरांनीही माझ्या जवळपास मजल मारली. मग आम्ही दोघं आंब्याच्या खोडाला टेकलो. वारा सुटला. डोळे आपोआप बारीक झाले.

सर तशाच अर्धवट मिटलेल्या डोळ्यांनी वर बघत होते. डोंगराच्या पोटाला करवंदीची आणि कसल्या कसल्या काटेरी झुडपांची दाट किनार होती. तिच्यावरचं काही खालून दिसत नव्हतं. सरांची वही माझ्या मांडीवर होती. सर झोपाळू आवाजात म्हणाले, "फोटोखाली ओळ लागेल. घ्या लिहून. आजची स्थिती. पायथ्याला आंबा. वर झाडी दाट. साखळी जात नाही."

मी लिहिलं.

मला वाटलं, झोपले. बघतो तर सर ताठ बसलेले.

"काय म्हणालो मी आत्ता?"

"झाडी दाट. साखळी जात नाही."

"मी वर गेलो होतो का?"

"कधी?"

"आज. आत्ता. लिहायला सांगण्याआधी."

"नाही. तुम्ही जेवत होता."

"मग वर काय आहे ते मला कसं कळलं?"

"दिसतंय की इथून," मी म्हटलं. "एवढं काय त्यात?"

सरांनी पिशवीतून भाऊसाहेबांच्या शेऱ्याची नक्कल काढली. बघितली. वर डोंगराकडे बघितलं. मग आंब्याकडे. त्या आंब्याचीही नोंद होती: 'कोपऱ्याला आंबा, थोर, सावली चांगली.' मी आजवर सरांना वैतागलेलं पाहिलंय, तापलेलं पाहिलंय, पण कुणी घरातलं माणूस स्टेशनवर विसरून आल्यासारखा चेहरा त्यांचा त्या दिवशीच पाहिला.

"उठा," ते म्हणाले.

"कुठे?"

"वर."

भर दुपारी, मे महिन्यात, पोटात त्या भाकरी घेऊन मी तो डोंगर चढलो. एव्हरेस्टवाल्यांना निदान बर्फ तरी असतो. करवंदीच्या काट्यांनी माझी पँट अशी फाडली की, उतरताना ती दोन वेगळ्या माणसांची वाटत होती. किनार ओलांडली आणि पुढे काही नव्हतं. म्हणजे खरंच काही नव्हतं. काळा कातळ. उघडा, तव्यासारखा तापलेला, इथून तिथपर्यंत. फटीत जरा वाळकं गवत. मूठभर मातीसुद्धा नाही की एखाद्या झाडाने तिथे पाय रोवावा.

सर कोपरे शोधत फिरले. मोजणी झाली तर कोपऱ्यावर दगड पुरतातच. खाली सपाटीवरच्या शेतांत भाऊसाहेबांचे दगड आधीच्या मोजण्यांत आम्हा दोघांना जागच्या जागी सापडलेले होते, एकही चुकलेला नव्हता. वर एकही नव्हता. एकाही कोपऱ्यावर नव्हता.

"दगड कुणी नेले असतील," मी म्हटलं.

"खालचे का नाही नेले? ते तर घराजवळ होते."

"बरं, माती वाहून गेली असेल. दीडशे पावसाळे झाले. झाडी असेल, तुटली असेल, मग माती गेली असेल. तुमच्या प्रबंधात तेच तर आहे."

"असेल," सर म्हणाले. "नसेलही. मला माहीत नाही. भाऊसाहेबांनाही माहीत नव्हतं. ते वर आलेच नाहीत."

"पण सर, हे विचारणार कोण आहे?"

सरांनी माझ्याकडे नुकत्याच सापडलेल्या नव्या जातीच्या गवताकडे बघावं तसं बघितलं. "मी," ते म्हणाले.

खाली आलो तेव्हा लहानूबाबाने विचारलं, "काय हाय वरती?"

"बाबा, तुम्ही कधी गेला नाहीत वर?" मी विचारलं.

"कशाला जायाचं? वर काय हाय?"

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे सर भाऊसाहेबांचं नाव काढत नव्हते. वहिनींनी मला गाठून विचारलं, "काय झालं हो यांना? परवा जेवताना म्हणाले, माणसाची ओळख पटायला एक जन्म पुरत नाही. मी म्हटलं, माझ्याबद्दल म्हणताय का? तर म्हणाले, नाही, तुमच्यावर विश्वास आहे."

मी सगळं सांगितलं. वहिनी ऐकून घेऊन म्हणाल्या, "एवढंच ना? जेवल्यावर झोप कुणाला येत नाही? आमच्या बँकेत दुपारी या कधी." मग म्हणाल्या, "ते बोलणार नाहीत ना तिथे काही? भाऊ येतायत तिघं. दवाखाने बंद ठेवून."

मी म्हटलं, "छे."

अर्थशास्त्राच्या माणसाचा अंदाज. तो जसा यायचा तसा आला.

तोंडी परीक्षा कॉलेजच्या सभागृहात होती. पहिल्या रांगेत तिघे डॉक्टर, इस्त्रीचे कपडे घालून. त्यांच्याशेजारी वहिनी, मांडीवर पेढ्यांचा मोठा खोका. मंचावर सरांचे मार्गदर्शक, म्हणजे त्यांचा विद्यार्थी, आणि बाहेरचे परीक्षक. परीक्षकांना नाशिक रोडहून संध्याकाळची गाडी होती. ते हॉलमध्ये शिरल्यापासून मनाने फलाटावरच उभे होते.

सर अर्धा तास छान बोलले. स्लाइड दाखवल्या. परीक्षकांनी दोन सोपे प्रश्न विचारले, सरांनी दोन सोपी उत्तरं दिली. मग मार्गदर्शकांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

सर मंचावरून उतरले. तिसऱ्या रांगेत एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर जाऊन बसले आणि हात वर केला.

मार्गदर्शक गोंधळून म्हणाले, "बोला सर."

सर उभे राहिले. "संशोधकांना माझा प्रश्न आहे. चौथ्या प्रकरणात ज्या डोंगरांवर दाट झाडी होती असं ते म्हणतात, त्या डोंगरांवर मोजणीदार चढला होता, याला पुरावा काय?"

मग ते पुन्हा मंचावर गेले. पाणी प्यायले. "चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "पुरावा नाही."

पुन्हा खाली. पुन्हा हात वर. "मग संशोधकांनी हा निष्कर्ष कशाच्या आधारावर काढला?"

पुन्हा वर. "मी त्या गृहस्थांवर विश्वास ठेवला. मला ते आवडत होते."

मागच्या रांगेतल्या एका पोराने टाळी वाजवली आणि कुणीच वाजवत नाही असं पाहून हात चोळले.

"सर, प्लीज सर," मार्गदर्शक कुजबुजले. माइक चालू होता. "हे छापून झालंय सर."

परीक्षक जागे झाले. "अहो, मी तुम्हाला पास केलंय! लेखी!"

"ते तुमचं मत झालं," सर म्हणाले. आणि मग त्यांनी आंबा, भाकरी, ताक, कातळ, सगळं जसंच्या तसं सांगितलं. मी किती खाल्लं तेही. त्याची गरज नव्हती.

परीक्षक माणूस वाईट नव्हता. त्याने घड्याळ बघितलं, विचार केला आणि म्हणाला, "हे बघा, सोपं आहे. डोंगर वगळा. सपाटीवरचं ठेवा, ते पक्कं आहे. नाव बदला, एक प्रकरण काढा, दुरुस्ती पाठवा. मी आजच शिफारस करतो." सभागृहाने श्वास सोडला. वहिनींनी खोक्याच्या दोरीला हात घातला. थोरल्या भावाने सरांकडे बघून मान हलवली, की दाजी, घ्या आता.

सरांनी वहिनींकडे बघितलं. मग म्हणाले, "डोंगर काढले तर जंगल काढल्यासारखंच आहे. मग उरतात बांध. मी बांधांवर प्रबंध लिहिलेला नाही."

"मग काय करायचं म्हणता?"

"वर जाऊन बघावं लागेल. प्रत्येक डोंगरावर. कुठे ते चढले आणि कुठे नाही. वरती दगड असेल तिथला शेरा खरा. नसेल तिथला जेवणानंतरचा."

"किती डोंगर आहेत?"

"आहेत थोडे," सर म्हणाले.

शिफारस झाली नाही. परीक्षकांना गाडी मिळाली. थोरल्या भावाने वहिनींना हळूच विचारलं, "ताई, म्हणजे पास की नापास?" वहिनींनी खोका उघडून त्याच्यापुढे धरला.

"पेढा घे."

"कशाचा?"

"घे म्हटलं ना."

तिघांनी निमूटपणे घेतला. नंतर मला वहिनी म्हणाल्या, एवढ्या वर्षांत तिघांचं तोंड बंद झालेलं त्यांनी प्रथमच पाहिलं.

डॉक्टरेटचं इथेच सांगून टाकतो. ती सरांना मिळाली नाही. मुदत संपली, नोंदणी रद्द झाली, सर निवृत्त झाले. भाऊबीजेला आता कुणी काही विचारत नाही. धाकटा एकदा हसायला गेला तर थोरल्यानेच त्याला गप्प केलं.

पण साखळीला दोन टोकं लागतात. एक सरांच्या हातात होतं. दुसरं इतकी वर्षं माझ्याकडे असायचं. परीक्षेनंतर चार दिवसांनी मी त्यांच्या घरी बसलो असताना सरांनी डोंगरांची यादी वाचायला सुरुवात केली, तेव्हा मी गुडघ्यांचा विषय काढला. चांगला मोठा काढला, एक्स-रेपर्यंत नेला. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. बाहेर आल्या, हात पुसला आणि सरांना म्हणाल्या, "अहो, त्यांना राहू द्या. मी येते. मला एकदा बघायचंच आहे, एवढं काय आहे त्या डोंगरांवर."

पुढच्या उन्हाळ्यापासून दर रविवारी दोघं जाऊ लागले. वहिनींनी पहिल्याच दिवशी एक नियम केला. पायथ्याशी जेवायचं नाही. गावकऱ्यांनी कितीही आग्रह करू दे, जेवण वर. डबा त्या स्वतःच्या पाठीवर बांधायच्या आणि सरांच्या पुढे चढायच्या. गावोगावी हाहाकार उडाला. साखळीवाले आले आणि न जेवता गेले, म्हणजे आता काय वाढवणार कोण जाणे! दोन गावांत तर ग्रामसभेत विषय निघाला म्हणतात. त्या वर्षी चार डोंगर झाले. चारांपैकी एकावरही दगड नाही. पुढच्या वर्षी तीन. त्यांवरही नाही. सर दर वेळी वहीत लिहायचे, 'चढले नाहीत', आणि उतरायला लागायचे.

असं पाच-सहा उन्हाळे चाललं. एका रविवारी वहिनींनी मला फोन करून बोलावलं. म्हणाल्या, "आजचा चढ सगळ्यांत वाईट आहे. हे पडले तर उचलायला कुणीतरी हवं. डब्यात पुरणपोळी आहे." गुडघ्यांना मी समजावलं.

तो चढ मी वर्णन करत नाही. तिथे शेळ्यासुद्धा एकमेकींचा हात धरून जातात. वर पोचलो तेव्हा माझा जीव माझ्या पंधरा-वीस पावलं मागे होता. माथ्यावर गवत होतं, कमरेएवढं, पिवळं. मधे एक म्हातारा हिरडा, वाकडा, पण हिरवा. सर गवतात शिरले. वहिनी दुसऱ्या कोपऱ्याला गेल्या. मी हिरड्याखाली डब्याची राखण करत बसलो.

थोड्या वेळाने वहिनींची हाक आली. "अहो, इकडे या. हे काय आहे बघा."

घडीव दगड. गुडघ्याएवढा वर, बाकी जमिनीत. माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली. सर गवतात खाली बसले. दगडावरचं शेवाळ अंगठ्याने खरवडत राहिले. मग त्यांनी त्या डोंगराच्या शेऱ्याची नक्कल काढून मोठ्याने वाचली: 'माथा गवताचा. हिरडे तीन. वारा फार.'

दाट झाडी नाही. साखळी जात नाही असंही नाही. जे होतं तेवढंच.

"आले होते," सर म्हणाले. "सगळ्यांत अवघड डोंगरावर आले होते."

वहिनींनी हिरड्याखाली पानं मांडली. मला वाढलं, सरांना वाढलं. सर अजून दगडाकडेच बघत होते, म्हणून वहिनींनी चौथं पान हातात घेतलं आणि विचारलं, "त्यांनाही वाढू का?"

चेष्टाच होती ती. पण सरांनी त्यावर खरोखर विचार केला.

"नको," ते म्हणाले. "ते खालीच जेवले असतील. आणि जेवून वर आले."

मग पोळीवर त्यांनी स्वतःच तूप वाढून घेतलं.